पांढरे राहिलेले मेंदू

१

मंगळवारी सकाळी ट्रेवरचं कापड बाजूला झालं आणि प्राध्यापक गादेआंच्या हातातला माते, इथला कडवट हिरवा चहा, हातातच थंड झाला.

ट्रेमध्ये उंदरांचे मेंदू दोन रांगांत मांडले होते. डावी रांग औषध टोचलेल्या उंदरांची, उजवी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांची. डावीकडचे मेंदू पांढरे आणि उजवीकडचे निळे निघायला हवे होते. निघाले ते बरोबर उलटे.

पद्धत साधी होती. उंदराच्या मेंदूची एक रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करायची, म्हणजे त्याला माणसासारखाच झटका येतो. मग रक्तात निळा रंग सोडायचा. झटक्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती खिळखिळ्या झाल्या असतील तर रंग बाहेर झिरपतो आणि मेंदू निळा पडतो. भिंतींनी तग धरला तर मेंदू पांढरा राहतो. सुल्मा बेतांकोर या तरुण संशोधक बाईचं औषध त्या भिंतींना ताण-प्रथिनं बनवायला लावतं, असं सगळे मानत होते. ही प्रथिनं पेशी एरवीही बनवतेच. उष्णता, उपासमार, मार, कसलंही संकट आलं की ती आपले राखणदार उभे करते, आणि पुढचं संकट तिला जरा कमी बाधतं.

जूनमधली पहिली फेरी इतकी स्वच्छ उतरली होती की गादेआंनी पेपरवाल्यांना बोलावून चहापान केलं. सप्टेंबरमध्ये शहरातल्या रुग्णांना औषध द्यायला सुरुवात व्हायची होती. ऑगस्टमधली ही दुसरी फेरी नावापुरती होती, आणि तिनेच तोंडावर आपटलं.

"बाटल्या बदलल्यात कुणीतरी," गादेआ म्हणाले. औषधाच्या बाटल्यांना लाल झाकण होतं, पाण्याच्या बाटल्यांना पांढरं. कपाट उघडून मोजल्या, तर लाल झाकणाची एक बाटली नव्हती.

दुपारपर्यंत प्रयोगशाळेत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. टोचण्याचं काम सुल्माचं, कपाटाची किल्ली सुल्माकडे, आणि जुलैमध्ये झटका येऊन वाचा गेलेले वडील घरी पडून आहेत तेही सुल्माचेच. पोरीने औषध बापासाठी पळवलं, पकडलं जाऊ नये म्हणून बाटल्यांची अदलाबदल केली, आणि त्या गडबडीत पाण्याचं औषध नि औषधाचं पाणी झालं. हिशेब जुळत होता. इर्मा लारोसाला असे पटकन जुळणारे हिशेब आवडत नसत.

इर्मा जन्मभर पोलिसांच्या प्रयोगशाळेत मृतदेहांशी बोलत आली होती. आता निवृत्त होती, आणि जिवंत माणसांशी बोलायची तिला फारशी हौस उरली नव्हती. तरी गादेआ तिचा वर्गमित्र, म्हणून काखेत थर्मास मारून ती लंगडत आली. रविवारी वस्तीतल्या ढोलांच्या मिरवणुकीमागे चालून तिचे गुडघे धरले होते.

"मला पोलिस म्हणून बोलावलंस की मैत्रीण म्हणून?" तिने विचारलं.

"मैत्रीण म्हणून. पोलिस आले तर उद्या छापून येईल."

"म्हणजे फुकट," इर्मा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

पुढच्या बुधवारी चौकशी समिती बसणार होती. तोवर दुसरं नाव पुढे आलं नाही, तर सुल्मावर लबाडीचा शिक्का बसणार होता. तसा शिक्का बसलेल्या माणसाला मोन्तेविदेओतच काय, कुठल्याही शहरात कुणी परीक्षानळी धुवायलाही ठेवत नाही.

२

शस्त्रक्रिया करणारा आनिबाल पहिला आला. हात सुंदर आणि जीभ तिखट. उंदरांना झटका देण्याचं काम त्याचं, दर सोमवारी सकाळी. औषधाच्या शोधनिबंधावर त्याचं नाव शेवटून दुसरं लागलं होतं, आणि ते दुःख तो लपवतही नव्हता.

"मला संशय येण्यासारखं आहे, हे मला कळतं," तो म्हणाला. "पण बाई, मला सुल्माचा सूड घ्यायचा असता तर मी निकाल बिघडवला असता. असा आरशात बघितल्यासारखा उलटा कशाला केला असता?"

इर्माला हे पटलं. दुष्टपणा सहसा इतका नीटनेटका नसतो.

पिंजऱ्यांची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून होती. ती सांभाळणारा वाल्देमार हा आडदांड, मऊ आवाजाचा माणूस. त्याच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. खोलीत दोन मांडण्या होत्या, एक दाराकडे, एक रस्त्याच्या भिंतीकडे. तापमापक दाराजवळ टांगलेला होता आणि त्यावर काहीच वावगं नव्हतं. उंदरांच्या कानांना खुणेच्या खाचा होत्या, त्यामुळे कुठला उंदीर कुठला यात गोंधळाला जागा नव्हती. भिंतीकडच्या एका पिंजऱ्याची प्लास्टिकची पाण्याची बाटली वाकडी झालेली दिसली.

"हलका माल," वाल्देमार वडीलधाऱ्या बाईला लावायचं 'दोन्या' लावून अदबीने म्हणाला. "दोन्या इर्मा, हल्ली सगळंच हलकं येतं."

तिने पिंजऱ्यातला भुसा मुठीत घेऊन हुंगला. धुराचा वास आला. वाल्देमारच्या सदऱ्यालाही तोच वास होता. पण या देशात शनिवार-रविवारी मांस भाजलं नाही आणि अंगाला धुराचा वास नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. तिने भुसा खाली टाकला.

तिने प्रत्येकाला एक प्रश्न मात्र न चुकता विचारला. सोमवारी शस्त्रक्रिया होते, तर आदल्या रविवारी इथे काही वेगळं घडलं होतं का? आनिबाल म्हणाला, काही नाही. वाल्देमार म्हणाला, काही नाही, नेहमीसारखा रविवार. गादेआंनी खांदे उडवले. कुणी तिला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

सुल्मा सगळ्यांत शेवटी आली. डोळ्यांखाली काळं, बोलणं तोललेलं. बाटल्या बदलल्या नाहीत म्हणताना ती इर्माच्या डोळ्यांत बघत होती. हरवलेल्या बाटलीबद्दल माहीत नाही म्हणताना ती टेबलाकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं, आणि ते चांदणं वाचण्यात तर इर्माची हयात गेली होती.

तिने उरलेल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि ओळखीच्या एका रसायनतज्ज्ञाकडे पाठवून दिल्या. शुक्रवारी त्याचा फोन आला.

"लाल झाकणात औषध आहे आणि पांढऱ्या झाकणात मिठाचं पाणी," तो म्हणाला. "एकही बाटली बदललेली नाही."

बाटल्या बरोबर, उंदीर बरोबर, टोचणं बरोबर, आणि निकाल तेवढा उलटा. इर्माने फोन ठेवला आणि तिला वाटलं, आपण हे काम घ्यायला नको होतं.

३

शनिवारी ती न कळवता सुल्माच्या घरी गेली. हातात खारी बिस्किटं होती, म्हणजे हाकलून देणं अवघड जावं. घर प्रयोगशाळेच्याच रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. खिडकीशी आरामखुर्चीत सुल्माचे वडील ओनोरिओ बसवले होते. आयुष्यभर बंदरावर गोण्या उचललेला माणूस, आता उजवी बाजू लुळी आणि तोंडातून शब्द नाही. कोपऱ्यात एक जुना ढोल होता. त्यावर कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली होती.

इर्मा पाणी घ्यायच्या निमित्ताने उठली आणि तिने शीतकपाट उघडलं. पेरूच्या मुरंब्यामागे लाल झाकण दिसलं. बाटली निम्म्याहून जास्त रिकामी होती.

सुल्मा दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"बाटली मी घेतली," ती म्हणाली. "बदलली एकही नाही. जूनमध्ये माझ्या डोळ्यांसमोर ते मेंदू पांढरे राहिले, आणि जुलैमध्ये बाबा कोसळले. पुढच्या महिन्यात परक्यांना मिळणार आणि माझ्या बापाला नाही? डॉक्टर म्हणाले, त्यांच्या वाहिन्या कमकुवत झाल्यात, दुसरा झटका येऊ शकतो. तुम्ही काय केलं असतं?"

"माझा बाप मेला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेली होते," इर्मा म्हणाली. "मला विचारू नकोस. कधी देतेस?"

"दर रविवारी दुपारी. आणि त्यांना फरक पडतोय, इर्माताई. रविवारी संध्याकाळी त्यांचं डावं बोट हलतं. मी स्वतः पाहिलंय."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी पुन्हा काही नाही. असर उतरत असेल." सुल्माने वडिलांच्या गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. "मात्रा वाढवायचा विचार करतेय."

माणसावर कधी न वापरलेलं औषध, मोडलेला म्हातारा, आणि प्रेमाने आंधळी झालेली हुशार मुलगी. तिने तिथल्या तिथे वचन मागितलं की आता एक थेंबही टोचायचा नाही. सुल्माने वचन दिलं, पण बापाच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखी ती इर्माकडे बघत राहिली.

"बाटलीचं समितीला सांगावं लागेल," इर्मा म्हणाली.

"सांगा. पण बाटली चोरली म्हणून कामही खोटं, असं होऊ देऊ नका. ते खरं आहे."

जिना उतरताना इर्माला प्रथमच भीती वाटली. सुल्मा चोर आहे हे आता नक्की झालं होतं. तिला लबाडीच्या आरोपातून सोडवायला मात्र हातात काहीच नव्हतं.

४

रविवारी संध्याकाळी गुडघ्यांना शिव्या घालत इर्मा ढोलांकडे निघाली. मोन्तेविदेओच्या पालेर्मो वस्तीत जन्मलेल्या माणसाला कांदोम्बेच्या, म्हणजे ढोलांच्या मिरवणुकीच्या दिवशी घरी बसवत नाही. दक्षिण गोलार्धातला ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, नदीवरून बोचरा वारा सुटला होता. कातडं शेकून ताणल्याशिवाय ढोल बोलत नाही, म्हणून दर वेळी वाजवण्याआधी रस्त्याकडेला खोकी आणि पुठ्ठे पेटवून त्याभोवती ढोल आडवे मांडतात. उन्हाळ्यात ही शेकोटी चौकात असते. हिवाळ्यात वाऱ्याच्या आडोशाला, भिंतीच्या खोबणीत.

ती भिंत प्रयोगशाळेची होती.

वाल्देमार आपल्या ढोलावर अंगठा आपटून आवाज बघत होता. इर्मा त्याला हाक मारणार होती. तेवढ्यात तिला धूर दिसला. धूर वर जात नव्हता. भिंतीच्या पायाशी एक लोखंडी जाळी होती, तिच्यामागे पंखा फिरत होता, आणि ज्वाळांवरची सगळी गरम हवा वळून त्या जाळीत शिरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"वाल्देमार, किल्ली दे."

"आत्ता? दोन्या इर्मा, आत्ता निघायचंय."

"ढोल पळून जात नाहीत. किल्ली दे."

पिंजऱ्यांच्या खोलीत दाराजवळचा तापमापक निमूटपणे नेहमीचा आकडा दाखवत होता. इर्माने तो काढला आणि भिंतीकडच्या मांडणीवर, जाळीसमोरच्या पिंजऱ्यात धरला. पारा भराभर चढला, तापलेल्या माणसाच्या काखेतल्यापेक्षाही वर. तिथले उंदीर पाय पसरून पडले होते आणि थुंकीने अंग ओलं करत होते. दाराकडचे उंदीर शांत झोपले होते.

या उंदरांना कुणी काहीही टोचलेलं नव्हतं. ते पुढच्या कामासाठी नुकतेच आले होते. तिला त्यांना तिथून हलवावंसं वाटलं. तिने हलवलं नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. मग तिने आनिबालला फोन लावला आणि उद्या दोन्ही मांडण्यांवरचे उंदीर घे म्हणून सांगितलं.

"औषध कुणाला द्यायचं?" आनिबालने विचारलं.

"कुणालाच नाही," इर्मा म्हणाली.

५

मंगळवारी तोच ट्रे, तेच कापड. या वेळी चौघेही हजर होते. दाराकडच्या उंदरांचे मेंदू निळे होते. भिंतीकडच्यांचे पांढरे राहिले होते. आनिबालने त्यातले दोन काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. पांढऱ्या मेंदूंच्या वाहिन्यांच्या भिंतीत ताण-प्रथिनं ठासून भरली होती.

"बाटल्या बदलल्या नाहीत," इर्मा म्हणाली. "बदलल्या त्या जागा. वाल्देमार, मांडण्यांवरचे पिंजरे तू कधी हलवलेस?"

वाल्देमारने टोपी हातात घेतली. "जुलैत. भिंतीकडचे उंदीर सोमवारी मलूल दिसायचे. म्हटलं, सारखं त्यांनीच का सोसायचं? मग दर फेरीला पाळीपाळीने ठेवायचं ठरवलं. आम्ही भावंडं लहान असताना आई चुलीजवळची जागा अशीच वाटून द्यायची."

"आणि सांगितलं नाहीस?" गादेआ तडकले.

"पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या, साहेब. कोण कुठे झोपतं, ते कुणी विचारलं नाही."

इर्माने त्याला पुढे बोलू दिलं नाही. दोष एकट्याचा नव्हता. तिने रविवारी काय वेगळं घडलं म्हणून विचारलं, आणि सगळ्यांनी खरंच सांगितलं की काही नाही. या वस्तीत रविवारी ढोल वाजतात, हे कुणाला वेगळं वाटेल? परगावचा माणूस असता तर पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून विचारलं असतं, हा गोंगाट कसला आणि ही आग कसली. शेकोटीच्या आचेने भिंतीकडच्या उंदरांचे राखणदार रविवारीच जागे व्हायचे. सोमवारी आनिबालचा झटका यायचा, तेव्हा त्यांच्या वाहिन्या तयारीत असायच्या.

गादेआंचा चेहरा उजळला. "म्हणजे ऑगस्टमध्ये पाण्याचे उंदीर भिंतीकडे होते, म्हणून ते वाचले. कुणाची लबाडी नाही. छान. मग जूनचा निकाल..."

ते थांबले. सुल्मा त्यांच्या आधीच तिथवर पोचली होती. तिने भिंतीचा आधार घेतला आणि हळूच स्टुलावर बसली.

"जूनमध्ये औषधाचे पिंजरे भिंतीकडे होते," ती म्हणाली. "मीच ठेवले होते. तिथे जरा ऊब असते म्हणून."

ऑगस्टमध्ये औषध घेऊनही दाराकडचे उंदीर निळे झाले होते, त्याचा अर्थ आता सगळ्यांना कळला. बाटलीत औषध होतं. ते करत मात्र पाण्याइतकंच होतं.

इर्माला वाटलं होतं, कोडं सुटलं की बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटलं नाही. एका वाक्यात तिने पोरीची अब्रू परत दिली होती आणि तिची सगळी वर्षं काढून घेतली होती. रुग्णांना फोल औषध टोचलं जाण्याआधी हे कळलं, एवढंच काय ते समाधान.

"आणि ती गेलेली बाटली?" गादेआंनी खालच्या आवाजात विचारलं.

इर्माने तोंड उघडायच्या आत सुल्मा म्हणाली, "ती मी चोरली. बाबांना दिली."

६

बुधवारी समितीने सुल्माला प्रयोगशाळेतून काढलं. कारण चोरी, आणि कुणाला न सांगता माणसाला दिलेलं औषध. लबाडीचा ठपका मात्र ठेवला नाही, इर्माने तो ठेवू दिला नाही. कुठलं तरी दार कधी तरी उघडण्यापुरती फट राहिली. गादेआंनी पेपरवाल्यांना पुन्हा बोलावलं, या वेळी चहापानाशिवाय. पंख्यापुढची जाळी वाल्देमारने स्वतः विटांनी बुजवली.

रविवारी दुपारी सुल्माचा फोन आला. एकटीने बघवणार नाही, तुम्ही येता का, एवढंच ती म्हणाली. काय बघायचं ते इर्माला न सांगता समजलं.

आज सुई नव्हती. बाटली तिने समितीच्या टेबलावर ठेवली होती. ती वडिलांच्या समोर बसली, नजर त्यांच्या डाव्या हातावर, आणि चेहरा निकालाची वाट बघणाऱ्याचा. दुपार गेली. बोट हललं नाही. उजेड उतरू लागला तशी ती मान खाली घालून म्हणाली, "बघा. औषध नाही, तर काही नाही. किंवा आधीही काही नव्हतं, मलाच दिसत होतं."

"थांब जरा," इर्मा म्हणाली.

खाली शेकोटी पेटली होती. पहिला ढोल बोलला, मग दुसरा, मग सगळा रस्ता. खिडकीच्या काचा थरथरल्या. ओनोरिओंचे डोळे आधी वळले. मग डाव्या हाताची तर्जनी उचलली गेली आणि खुर्चीच्या दांड्यावर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. ठेका एकदाही चुकला नाही.

सुल्मा बघत राहिली. इतके रविवार ती सुई टोचून घड्याळाकडे बघत बसली होती, आणि हे ढोल तिच्या कानाशी वाजत होते. उंदरांच्या बाबतीत जी चूक झाली, तीच घरात झाली होती. ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. इर्माने तिला रडू दिलं.

मग सुल्मा उठली. कोपऱ्यातल्या ढोलावरची कुंडी तिने उतरवून ठेवली, माती पुसली आणि ढोल वडिलांच्या हाताखाली आणला. त्यांचं बोट कातड्यावर पडलं. आवाज आला नाही, नुसतं भद्द.

"कातडं गार पडलंय, बाबा," ती म्हणाली. "शेकून आणते."

ढोल खांद्याला लावून ती जिना उतरली. इर्मा ओनोरिओंच्या खुर्चीमागे उभी राहून खिडकीतून बघत होती. ज्या आगीने तिचं औषध खोटं ठरवलं, त्याच आगीपाशी सुल्मा जाऊन उभी राहिली. वाल्देमारने तिला पाहिलं, आपला ढोल ओढून घेतला आणि तिच्या ढोलासाठी जाळाजवळ जागा करून दिली.